मराठी शिकायची तर गोविंदपुरमला जावे

कुंभकोणमहून मयिलादुतुरैच्या रस्त्याला लागले की तिरुविडैमरुदूरनंतर आणि आडुतुरैच्या अलीकडे, भातशेतीच्या सपाटीवर एक उंच शिखर दिसू लागते. तंजावरच्या या मुलखात देऊळ दुरून ओळखायचे ते दारावरच्या गोपुरावरून. इथे मात्र उंची गाभाऱ्यावर आहे, आणि शिखराची घडण पाहून मराठी माणसाला आपल्याकडचे देऊळ आठवते. गावाचे नाव गोविंदपुरम्. २०११ साली कुंभाभिषेक झालेले हे मंदिर विठ्ठल-रखुमाईचे आहे. पंढरपूर इथून रस्त्याने सुमारे हजार किलोमीटर.

देऊळ उभे करणारे विठ्ठलदास महाराज कथा सांगतात ती तमिळमध्ये. मध्येच टाळ वाजू लागतात, मराठी अभंग सुरू होतो आणि समोर बसलेली माणसे तो पाठ असल्यासारखा उचलून धरतात. त्यातल्या बहुतेकांच्या घरी मराठी बोलली जात नाही. नामदेव, जनाबाई, चोखामेळा, गोरोबा ही नावे मात्र त्यांना घरच्या माणसांसारखी ओळखीची असतात. अभंग संपला की निरूपण पुन्हा तमिळमध्ये सुरू होते.

या देखाव्याचे कौतुक करून आपण पुढे जातो. मला वाटते, तिथे थांबायला हवे. मराठीच्या शिक्षणात ज्या प्रश्नांची दखलच घेतली जात नाही, ते सगळे प्रश्न इथे एका जागी भेटतात. भाषा आपल्या मुलखाबाहेर गेल्यावर तिचे काय होते? तिच्यातले काय टिकते, काय गळते? आणि ती परक्यांच्या तोंडी रुजते ती कशाच्या बळावर?

इटालियन शिकवणाऱ्यांनी हे प्रश्न अभ्यासक्रमात आणले आहेत. पूर्वी परदेशातला इटालियनचा वर्ग म्हणजे दान्ते, फ्लॉरेन्स, चित्रकला आणि प्रमाणभाषेचे व्याकरण. अलीकडे अनेक विद्यापीठांत तीच भाषा स्थलांतराच्या वाटेने शिकवली जाते: बोटीत बसलेल्या माणसांची पत्रे, परमुलखातल्या वस्त्यांची गाणी, तिथली वर्तमानपत्रे, स्वयंपाक, चित्रपट. कारण सरळ आहे. १८७६ ते १९१५ या चाळीस वर्षांत सुमारे एक कोटी चाळीस लाख माणसे इटलीतून बाहेर पडली. त्यांतल्या बहुतेकांना आज पुस्तकात असते ती इटालियन येतच नव्हती. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा प्रमाण इटालियन बोलणारे शंभरात अडीच होते, असा भाषेतिहासकार तुल्लिओ दे माउरो यांचा हिशेब आहे. इतर अभ्यासक हा आकडा दहाच्या आसपास नेतात. बाकीचे व्हेनेतोची, सिसिलीची, नेपल्सची बोली बोलत. तीच घेऊन ते ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेला गेले. दक्षिण ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल प्रांतात १८७५ पासून वसलेल्या शेतकऱ्यांची व्हेनेतो बोली तिथे ‘तालियान’ म्हणून वाढली. तिच्यात १९२४-२५ मध्ये ‘नानेत्तो पिपेत्ता’ ही कादंबरी क्रमशः छापून आली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्राझील सरकारने ती चारचौघांत बोलण्यावर बंदी घातली, आणि २०१४ साली ब्राझीलनेच तिला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ही गोष्ट शिकलेल्या विद्यार्थ्याला कळते की इटालियन म्हणजे एक भाषा नसून भाषांचे गोत आहे, आणि त्या गोताची काही घरे इटलीबाहेर आहेत.

मराठीचे असे सर्वांत जुने आणि सर्वांत भरलेले घर कावेरीकाठी आहे.

मात्र दोन्ही गोष्टींमधला फरक आधीच सांगितला पाहिजे. इटलीचा शेतकरी उपासमारीने बाहेर पडला. मराठी माणूस तंजावरला आला तो फौजेबरोबर. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, म्हणजे एकोजीराजे, यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी कोळ्ळिडम नदीकाठी दोघा भावांची भेट झाली. ती फारशी गोड झाली नाही, पण गादी व्यंकोजींच्या वंशाकडेच राहिली. मागोमाग कारकून, वैद्य, पुजारी, कीर्तनकार, सरदारांची कुटुंबे, स्वयंपाकी असा सगळा गोतावळा आला. राज्यकर्त्यांची भाषा म्हणून मराठी इथे उतरली. १७९९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने राज्याचा कारभार हाती घेतला, १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारस न ठेवता वारले आणि संस्थानही संपले. तेव्हापासून तंजावरची मराठी ही सत्ता नसलेल्या, विखुरलेल्या कुटुंबांची घरातली भाषा आहे. एकच भाषा एकाच गावात आधी दरबाराची आणि मग अल्पसंख्याकांची कशी होते, हे दोन्ही अनुभव इथे सलग वाचता येतात.

दरबार मराठी होता, पण तो एकट्या मराठीचा नव्हता. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाळ १६८४ ते १७१२) हे स्वतः लेखक. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे १६९० च्या सुमाराचे नाटक उपलब्ध मराठी नाटकांतले सर्वांत जुने मानले जाते. सांगलीला विष्णुदास भाव्यांचे ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले १८४३ मध्ये, म्हणजे त्यानंतर दीडशे वर्षांनी. शाळेत मराठी नाटकाची सुरुवात सांगलीहून शिकवतात. तंजावरचा उल्लेख आला तर तळटीपेत येतो. माझ्या मते ही तळटीप उचलून पहिल्या पानावर नेली पाहिजे. शहाजीराजांचेच दुसरे नाटक ‘पंचभाषाविलास’. त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी या पाच भाषा आहेत, आणि वेगवेगळ्या देशांच्या नायिका आपापल्या भाषेत बोलतात. पाचही भाषांचा प्रेक्षक समोर बसलेला असल्याशिवाय असे नाटक कोणी लिहीत नाही. परमुलखात आलेल्या राजाने आपल्या भाषेची कोंडी करून न घेता तिला इतर भाषांच्या पंगतीत बसवले, आणि राज्याचा मोठा साहित्यव्यवहार तर तेलुगू व संस्कृतमधूनच चालू ठेवला.

गोविंदपुरमच्या जवळच तिरुविसनल्लूर आहे. १६९३ मध्ये याच शहाजीराजांनी ते गाव चाळीसहून अधिक पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि त्याला शहाजीराजपुरम् हे नाव पडले. त्या पंडितांत श्रीधर व्यंकटेश अय्यावाळ होते. गोविंदपुरमला कांची कामकोटी पीठाचे बोधेंद्र सरस्वती राहिले आणि १६९२ मध्ये तिथेच समाधिस्थ झाले. पुढे शंभरेक वर्षांनी कुंभकोणमजवळच्याच मरुदानल्लूरच्या सद्गुरुस्वामींनी भजनाची पद्धत बांधून दिली. हे तिघे दक्षिणेतल्या नामसंकीर्तन संप्रदायाचे आद्य पुरुष मानले जातात. बोधेंद्रांची समाधी कावेरीच्या वाळूत हरवली होती, ती सद्गुरुस्वामींनी शोधून काढली आणि तंजावरच्या राजाने नदीचे पात्र वळवायला मदत केली, असे परंपरा सांगते. या तिघांपैकी एकही मराठी नव्हता. त्यांच्या भजनपद्धतीत मात्र जयदेवांच्या अष्टपदी, संस्कृत, तेलुगू, कन्नड आणि तमिळ पदे यांच्या जोडीला मराठी अभंगांनाही जागा मिळाली. म्हणजे गोविंदपुरमला विठ्ठल २०११ साली अचानक आला नाही. जागा तीनशे वर्षे तयार होत होती.

ती तयार करणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा कीर्तनाचा. तंजावर आणि मन्नारगुडीला रामदासी मठ होते, त्यांनी कीर्तन आणि निरूपण दक्षिणेत रुजवले. तंजावरचे मेरुस्वामी तर पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले, आणि त्या राजाने कथेसाठी स्वतः आख्याने रचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवा नावाचे कीर्तनकार महाराष्ट्रातून तंजावरला आले. तमिळ लोक त्यांना मोरकर बावा म्हणतात. त्यांच्या कीर्तनाने गाव वेडे झाले. तंजावर कृष्ण भागवतर या तरुण गायकाने ते ऐकले, मराठी कीर्तनाचा साचा आत्मसात केला, त्यात कर्नाटक संगीत आणि तमिळ कथन ओतले, आणि आज जिला तमिळनाडूत हरिकथा किंवा कथाकालक्षेपम् म्हणतात ती कला घडली. पुढे सी. सरस्वतीबाईंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, स्त्रीने कथेला उभे राहू नये असे म्हणणाऱ्यांना न जुमानता, तीच कला गावोगाव नेली.

या कलेत मराठी किती खोलवर उतरली आहे हे ऐकल्याशिवाय पटत नाही. कथेकरी हातात घेतो त्या चिपळ्या. तमिळमध्ये त्यांना चिप्ळाकट्टै म्हणतात. आरंभीची पदे पंचपदी. कथाभाग म्हणजे निरूपणम्. आणि कथा पुढे सरकते ती साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग, कटाव या मराठी चालींवर. तमिळ शब्द दिंडीच्या चालीत बसवले जातात, तेलुगू शब्द साकीत. महाराष्ट्रातल्या शाळेत साकी आणि दिंडी यांची लक्षणे व्याकरणाच्या पुस्तकात पाठ करायची असतात आणि परीक्षेनंतर विसरायची असतात. कुंभकोणमच्या परिसरात ही वृत्ते जिवंत माणसांच्या गळ्यात राहिली. वृत्तशिकवणीसाठी माझ्या हाती वर्ग दिला तर मी आधी तमिळ हरिकथेची ध्वनिमुद्रिका लावीन. अर्थ कळत नसताना चालच कानावर येते, आणि दिंडी म्हणजे काय हे तेव्हा नेमके कळते.

संतांच्या कथा तमिळ घरांत पोचल्या त्याला कीर्तनाबरोबर एक ग्रंथही कारण झाला. महिपतींनी १७६२ मध्ये पुरा केलेला ‘भक्तिविजय’ तमिळमध्ये उतरला आणि ‘महाभक्तविजयम्’ या नावाने घरोघरी वाचला गेला. दामाजीपंतांचे धान्याचे कोठार, गोरा कुंभाराचे मूल, जनाबाईचे जाते या गोष्टी तमिळ आज्यांनी नातवंडांना सांगितल्या. संगीताच्या मैफलीतही अभंगाने जागा घेतली. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम यांनी कर्नाटक मैफलीच्या उत्तरार्धात अभंग गाऊन ते चेन्नईच्या रसिकांच्या फर्माइशीत नेऊन बसवले. आज मार्गळी महिन्यातल्या संगीतोत्सवात अभंग ऐकू आला तर कोणाला नवल वाटत नाही.

आता हे अभंग ते वाचतात कसे? इथे भाषाशिक्षकाने खुर्ची पुढे ओढून बसावे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. तसेच ट-वर्गाला, त-वर्गाला, प-वर्गाला. अभंगांच्या तमिळ पुस्तकांत म्हणून अक्षराशेजारी बारीक आकडे छापतात. प या एकाच अक्षराजवळ २ असेल तर फ, ३ असेल तर ब, ४ असेल तर भ. ‘भीमा’ वाचायचे तर ‘पी’जवळचा ४ पाहून श्वास सोडायचा. आपल्या वर्णमालेची रचना किती शिस्तीची आहे, प्रत्येक वर्गातली चार अक्षरे एकाच जागी दोन गोष्टी बदलून कशी तयार होतात, हे पहिलीतल्या मुलाला बाराखडी घोकून कळत नाही. या आकड्यांनी एका मिनिटात कळते. उलट ळ हे अक्षर, जे हिंदीभाषक विद्यार्थ्याला महिनोन्‌महिने छळते, ते तमिळ माणसाच्या जिभेवर जन्मापासून आहे. टाळ, कळस, तुळस, विठ्ठलाच्या गळ्यातली माळ हे शब्द तो अस्सल उच्चारतो. अडतो तो चमचा आणि चहा यांतल्या दोन वेगळ्या ‘च’पाशी. अशा शिकणाऱ्याची चूक ऐकली की आपल्या भाषेतले न लिहिलेले नियम आपल्यालाच दिसायला लागतात.

या लिपीत एक इटालियन हातही आहे, आणि तो इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोन्स्तान्झो बेस्की हा जेझुइट धर्मोपदेशक १६८० मध्ये उत्तर इटलीत मान्तोव्हाजवळच्या कास्तिल्योने गावी जन्मला, अठराव्या शतकाच्या आरंभी तमिळ देशात आला आणि परत गेला नाही. कावेरी-कोळ्ळिडमच्या खोऱ्यात, तंजावरला भोसल्यांचे राज्य चालू असताना, तो तमिळ शिकला. इतका शिकला की ‘तेम्बावणि’ हे महाकाव्य आणि ‘चतुरकरादि’ हा कोश लिहून वीरमामुनिवर या नावाने तमिळ साहित्याच्या इतिहासात जाऊन बसला. तमिळ लिपीत ऱ्हस्व आणि दीर्घ ए, तसेच ऱ्हस्व आणि दीर्घ ओ, यांना वेगळी चिन्हे देण्याचे श्रेय त्याला दिले जाते. गोविंदपुरमच्या सभेतले कोणी तमिळ लिपीतून अभंग वाचते तेव्हा त्यातला प्रत्येक ‘ए’कार त्या सुधारणेतून आलेला असतो. स्थलांतराचा अभ्यास एका भाषेपुरता ठेवताच येत नाही, तो असा.

कुंभकोणम तर स्थलांतरितांचेच गाव आहे. तिथल्या रेशीम विणकरांत सौराष्ट्र समाज मोठा. कित्येक पिढ्यांपूर्वी गुजरातकडून निघून, वाटेत मुक्काम करत ते इथवर आले, आणि त्यांची घरची भाषा आजही वेगळी आहे. मराठी देशस्थ कुटुंबे त्यांच्या शेजारी राहिली. राव हे उपनाव धारण करणारी ही माणसे बाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी आणि घरात तंजावरी मराठी बोलत. महाराष्ट्रापासून सतराव्या शतकात तुटलेली असल्यामुळे या बोलीत जुनी रूपे राहिली आणि तमिळ, तेलुगू, कन्नड शब्द येऊन मिसळले. जेवणातही तेच झाले: उडदाच्या पिठाचे डांगर आपल्याकडे तेल-तिखटाबरोबर खातात, तंजावरकडच्या तमिळ घरांत ते दह्यात कालवून ‘डांगर पच्चडि’ होते, आणि ते मराठी पानातून आले हे खाणाऱ्यालाही ठाऊक नसते.

याच कुंभकोणममध्ये १८२८ साली टी. माधवराव जन्मले. मद्रासला शिकले, त्रावणकोरचे दिवाण झाले, मग इंदूरचे, आणि १८७५ मध्ये बडोद्याचे. गादीवर नुकतेच दत्तक आलेले बालवयीन सयाजीराव होते, आणि त्यांच्या वतीने राज्याची घडी बसवली ती कावेरीकाठच्या या मराठी माणसाने. पाच वर्षांनी सयाजीरावांचे लग्न झाले तेही तंजावरच्या मोहित्यांच्या घरातल्या मुलीशी. त्या पहिल्या चिमणाबाई. त्यांच्याबरोबर तंजावरचे नृत्य बडोद्याच्या दरबारात गेले. स्थलांतर एकाच दिशेने जाते असे आपण धरून चालतो. दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्यांचे वंशज दिवाण म्हणून, सून म्हणून मराठी संस्थानात परत येतात आणि येताना दक्षिण घेऊन येतात, हा धडा कोणत्याही मराठी पाठ्यपुस्तकात शोभेल.

शिकवण्याचा विषय निघाला आहे तर दुसऱ्या सरफोजीराजांकडे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यावेच लागते. राज्य हातचे गेलेल्या या राजाने उरलेले आयुष्य विद्येला वाहिले. १८०३ मध्ये त्यांनी भोसले घराण्याचा इतिहास तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरवून घेतला. चोळांच्या तमिळ शिलालेखांच्या सहवासात देवनागरी मराठीचा हा प्रचंड लेख आहे. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी तिथून ‘बालबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूप बाहेर पडले. अगदी पहिल्या मुद्रित मराठी पुस्तकांत ते मोडते. ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र निघायला तेव्हा सव्वीस वर्षे बाकी होती. मुलांसाठी मराठीत छापलेली गोष्ट आधी तमिळ देशात निघाली, हे पुण्या-मुंबईच्या शिक्षकांना माहीत असायला हवे.

मला त्यांची सर्वांत आवडणारी कृती मात्र ‘देवेंद्र कुरवंजी’. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार: डोंगरातली भविष्य सांगणारी भटकी बाई येते, आपला मुलूख वर्णन करते, नायिकेचा हात पाहते. सरफोजींनी हा तमिळ साचा घेतला, भाषा मराठी ठेवली, आणि त्या भटक्या बाईच्या तोंडून गाण्यांमध्ये जगाचा भूगोल सांगितला. देश, खंड, समुद्र, सगळे. युरोपीय शिक्षकाकडून शिकलेले ज्ञान, तमिळ रंगभूमीचा प्रकार, मराठी पदे, आणि शिकवणारे पात्र म्हणून निवडली ती जिचे घर एका जागी नाही अशी स्त्री. परमुलखात गेलेल्या भाषेच्या अंगी किती नवे करण्याची ताकद येते याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. महाराष्ट्रात राहिलेल्या मराठीला हे सुचले नाही. कावेरीकाठच्या मराठीला सुचले, कारण तिला रोज चार भाषांशी बोलावे लागत होते.

मुंबई, बंगळुरू किंवा न्यू जर्सी इथल्या मराठी वर्गांत आज शिवजयंती, गणपती, पुरणपोळी आणि सोपे संवाद शिकवले जातात. परदेशात जन्मलेल्या मुलाला त्यातून वाटते की खरी मराठी पुण्यात आहे आणि आपण तिच्यापासून लांब पडलेलो आहोत. त्याच मुलाला तंजावरचा १८०३ चा लेख दाखवावा, ‘पंचभाषाविलास’मधल्या नायिका पाच मुलांत वाटून द्याव्यात, तमिळ लिपीतला अभंग आकडे पाहत वाचायला लावावा. लांब राहून मराठी लिहिणारे, छापणारे, नाटके करणारे आपल्याआधी होऊन गेले, हे त्याला समजेल, आणि आपली इंग्रजीमिश्रित मराठी लपवण्याची गरज त्याला उरणार नाही. वर्गात शेजारी बसलेला तमिळ मित्रही यात भागीदार होऊ शकतो. त्याच्या आजीला दामाजीपंत ठाऊक असण्याची शक्यता मराठी मुलाच्या आजीइतकीच आहे.

यासाठी लागणारे साहित्य जागेवर आहे. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे, नाटके, निरूपणे, वैद्यक आणि पाकशास्त्रावरचे ग्रंथही. त्यातले बरेच ग्रंथालयाने छापले. दरबाराचे मोडी कागद गठ्ठ्यागठ्ठ्यांनी आहेत: अन्नछत्रांतल्या जेवणावळींचा खर्च, गवयांचे पगार, औषधांच्या याद्या. ते वाचायला मोडी हवी, सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातली मराठी हवी आणि गावांची, देवळांची, धान्यांची नावे ओळखण्यापुरती तमिळ हवी. तिन्ही येणारी माणसे मोजकी आहेत. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने या मोडी कागदांची निवड तमिळ भाषांतरासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे सरफोजींच्या वाड्यातला रोजचा मराठी व्यवहार जाणून घ्यायचा असेल, तर आजच्या मराठी अभ्यासकाला तो बऱ्याच अंशी तमिळमधून वाचावा लागतो, आणि त्यासाठी आधी तमिळ शिकावी लागते.